कापलेला कडा

फुकुशिमा म्हटलं की भूकंपाने अणुभट्टी फुटली असंच बहुतेकांना वाटतं. तसं झालं नव्हतं. ११ मार्च २०११ ला दुपारी २:४६ ला जमीन हादरली आणि चालू असलेल्या तिन्ही भट्ट्या ठरल्याप्रमाणे आपोआप थांबल्या. बाहेरची वीज गेली, डिझेल जनरेटर सुरू झाले. इथवर सगळं ठीक.

पण अणुभट्टी म्हणजे काही गॅसची शेगडी नव्हे. बंद केली तरी इंधन तापतच राहतं. सुरुवातीला पूर्ण क्षमतेच्या सहा-सात टक्के उष्णता निघते. त्यावर सतत पाणी फिरवावं लागतं आणि त्याला वीज लागते. पाऊण-एक तासात त्सुनामी आली, तळघरातले जनरेटर बुडाले. कर्मचाऱ्यांनी स्वतःच्या गाड्यांच्या बॅटऱ्या काढून आणल्या, निदान मीटर तरी वाचता यावेत म्हणून! तिन्ही भट्ट्यांमधलं इंधन वितळलं.

मला हळहळ वाटते ती १९६० च्या दशकातल्या एका निर्णयाची. ती जागा म्हणजे मुळात ३५ मीटर उंच कडा. पायाला पक्का खडक मिळावा, समुद्राचं पाणी खेचणं सोपं जावं म्हणून तो कापून १० मीटरवर आणला. लाट आली १४-१५ मीटरची.

ओनागावाचं केंद्र भूकंपाच्या केंद्रबिंदूला याहून जवळ. तिथे यानोसुके हिराई हे अभियंते उंचीसाठी अडून बसले होते. सन ८६९ ची त्सुनामी त्यांच्या डोक्यात होती (अकराशे वर्षं जुनी!). केंद्र १४.८ मीटरवर बांधलं गेलं. लाट सुमारे १३ मीटरची आली, केंद्र वाचलं. हिराई १९८६ मध्येच वारले होते. घरं वाहून गेलेले आसपासचे गावकरी पुढे कित्येक आठवडे त्याच केंद्राच्या आवारात राहिले.