त्रिमित संगणकीय ॲनिमेशन : पायाभूत अभ्यास

लांबी, रुंदी आणि खोली असलेली वस्तू संगणकात रचायची, ठरावीक क्षणी ती कुठे व कशी असेल हे नेमून द्यायचे आणि त्यातून तयार होणारी चित्रे एकापाठोपाठ दाखवून हालचालीचा भास घडवायचा, अशी ही कला. बोलीत ‘थ्रीडी’ एवढेच म्हणतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये पात्र वळले की ते नव्याने चितारावे लागते. येथे ते एकदा घडवले की कॅमेरा त्याच्याभोवती हवा तसा फिरवता येतो. चित्रपटात सेकंदाला अशी 24 चित्रे, म्हणजे फ्रेम, लागतात.

या तंत्राच्या सुरुवातीच्या प्रयोगांत एक हात महत्त्वाचा ठरला. 1972 मध्ये अमेरिकेतील यूटा विद्यापीठात एडविन कॅटमल आणि फ्रेड पार्क यांनी एक छोटी फिल्म केली. कॅटमल यांनी स्वतःच्या डाव्या हाताचा साचा घेऊन प्लास्टरचा हात ओतला, त्यावर शाईने सुमारे 350 त्रिकोण आणि बहुकोण आखले आणि त्यांच्या कोपऱ्यांची मापे संगणकात भरली. पडद्यावर तो हात बोटे मिटू-उघडू लागला. मॉडेलिंगचा गाभा आजही हाच आहे : शिरोबिंदू, त्यांना जोडणाऱ्या कडा आणि कडांनी वेढलेली पृष्ठे. साध्या घनाला 8 शिरोबिंदू, 12 कडा व 6 पृष्ठे असतात, आणि नवशिक्याचा पहिला घडा बहुधा या घनातूनच निघतो.

पृष्ठे शक्यतो चौकोनी ठेवावीत. जिथे वस्तू वाकणार, उदाहरणार्थ कोपर किंवा गुडघा, तिथे कडांची निदान तीन वलये हवीत, नाहीतर हात वाकताना पाइपासारखा चेपतो. आकाराची समज मात्र पडद्यावर येत नाही. आधी शाडूच्या मातीत एखादे डोके घडवलेला विद्यार्थी संगणकावरही लवकर सरावतो. गालाचे हाड कुठे वळते, हे त्याच्या बोटांना ठाऊक झालेले असते.

खरी परीक्षा हालचालीची. जगभर तिचा पहिला धडा एकच आहे, उसळणारा चेंडू. तो पोरकट वाटतो म्हणून अनेकजण घाईने उरकतात आणि पुढे त्यांची पात्रे हवेत तरंगत चालतात. एक मीटरवरून सोडलेला चेंडू सुमारे 0.45 सेकंदात, म्हणजे जवळपास 11 फ्रेममध्ये जमिनीला टेकतो. यातील पहिल्या निम्म्या वेळात तो फक्त पाव मीटर खाली येतो आणि उरलेले पाऊण मीटर दुसऱ्या निम्म्यात कापतो. विद्यार्थी वरची आणि जमिनीवरची अशा दोन की-फ्रेम देतो, मधल्या फ्रेम संगणक भरतो. पण संगणक सहसा दोन्ही टोकांना वेग हलकेच कमी करतो. परिणामी चेंडू जमिनीजवळ येताना मंदावतो आणि गादीवर अलगद उतरल्यासारखा दिसतो. हालचाल वक्ररेषेच्या रूपात दाखवणारा ग्राफ एडिटर उघडून जमिनीच्या बिंदूशी वक्ररेषेचे गोल वळण मोडायचे, तिथे टोकदार कोन करायचा. त्याच क्षणी चेंडूला वजन येते. हा बदल डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी ग्राफ एडिटरला पुन्हा घाबरत नाही.

मग पदार्थ बदलून पाहावा. टेनिसचा चेंडू 254 सेंटिमीटरवरून टाकला तर 135 ते 147 सेंटिमीटर उसळावा, असा त्या खेळाचा नियम आहे. लोखंडी गोळा आणि फुगा यांच्या रेषा वेगळ्या निघतात. तीन गोळे, तिघांचा रंग एक, आकार एक. केवळ चालीवरून कोणता कशाचा हे बघणाऱ्याला ओळखता आले पाहिजे. एवढे साधेपर्यंत पात्राला हात लावू नये.

पात्राच्या आत हाडांचा सांगाडा बसवणे म्हणजे रिगिंग. कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांचे काम येथे कंट्रोल करतात. खांदा, कोपर, मनगट असे क्रमाने फिरवत गेलो तर हात मोकळा झुलतो. तळहात टेबलावर टेकून ठेवायचा असेल, तर मनगटाची जागा पक्की करून कोपर आपोआप वळू द्यावे लागते. पहिल्या पद्धतीला एफके आणि दुसरीला आयके म्हणतात. पहिल्या वर्षी स्वतः रिग बांधण्यापेक्षा तयार रिगवर चाल बसवणे हिताचे.

हालचालीचे शास्त्र संगणकाआधीचे आहे. डिझ्नीचे फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी 1981 च्या ग्रंथात त्याची बारा तत्त्वे मांडली. पिक्सारच्या जॉन लॅसेटर यांनी 1986 च्या ‘लक्सो ज्युनियर’मध्ये टेबलावरच्या दोन दिव्यांना हीच तत्त्वे लावली. डोळे-तोंड नसलेले ते दिवे बाप-लेक वाटतात. 1995 चा ‘टॉय स्टोरी’ हा संपूर्णपणे संगणकावर घडवलेला पहिला पूर्ण लांबीचा चित्रपट. भारतात मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये 1956 साली डिझ्नीचे क्लेअर वीक्स आले आणि त्यांनी इथल्या चित्रकारांना शिकवले. आज अहमदाबादची राष्ट्रीय अभिकल्प संस्था आणि पवईला आयआयटीतील आयडीसी येथे ॲनिमेशनचे अभ्यासक्रम आहेत.

प्रकाशयोजना झाली की रेंडर, म्हणजे संगणकाकडून प्रत्येक फ्रेमचे अंतिम चित्र काढून घेणे. एका फ्रेमला पाच मिनिटे धरली तर दहा सेकंदांच्या 240 फ्रेमना वीस तास लागतात. म्हणून थेट व्हिडिओ न काढता सुट्या चित्रांची मालिका काढावी. मध्येच वीज गेली तरी झालेल्या फ्रेम वाचतात.

कोणती प्रणाली शिकावी, यावर विद्यार्थी फार वेळ घालवतात. माया आणि ब्लेंडर यांत मूळ संकल्पना त्याच आहेत. मायामध्ये वरची दिशा वाय, ब्लेंडरमध्ये झेड, त्यामुळे एकीतले मॉडेल दुसरीत नेताना कधी कधी आडवे पडते, इतकेच. 2002 पासून ब्लेंडर मुक्त आहे. 2025 मध्ये ऑस्कर मिळवणारा गिंट्स झिलबालोडिस यांचा लॅटव्हियन चित्रपट ‘फ्लो’ ब्लेंडरमध्येच घडला, आणि ही प्रणाली कोणत्याही विद्यार्थ्याला आपल्या संगणकावर विनामूल्य उतरवून घेता येते.