माआयो : सेबू बेटावरचा एक ‘बरा’ शब्द



आखातात राहणाऱ्या आपल्यापैकी बहुतेकांची रोज एखाद्या तरी फिलिपिनो माणसाशी गाठ पडते. इस्पितळातली सिस्टर, दुकानातला कॅशिअर, ऑफिसातली सहकारी. या सगळ्यांची भाषा एकच, असं आपण धरून चालतो. पण भारतातले सगळे जसे घरी हिंदी बोलत नाहीत, तसेच फिलिपिन्समधले सगळे घरी तागालोग बोलत नाहीत. सेबू आणि बोहोल ही बेटं, तसंच मिंदानाओचा मोठा भाग, इथली भाषा सेबुआनो. बोलणारे तिला सहसा ‘बिसाया’ म्हणतात. आज तिच्यातलं एक विशेषण शिकू या : ‘माआयो’, म्हणजे चांगला, बरा.

मूळ शब्द ‘आयो’, त्याला ‘मा’ हा उपसर्ग. आपल्यासारखी चांगला-चांगली-चांगलंची कसरत इथे नाही. बाई असो वा पुरुष, शब्द तोच. पुढे नाम आलं की शेवटी ‘ंग’ लागतो. ‘माआयोंग बुन्ताग’ म्हणजे शुभ सकाळ, ‘माआयोंग गाबीई’ म्हणजे शुभ रात्री. ‘खूप’ या अर्थाचा ‘काआयो’ही त्याच मुळाचा, म्हणून खूप चांगलं ते ‘माआयो काआयो’.

आता गंमत पाहा. आजारी माणूस उठून बसला की आपण म्हणतो, ‘बरा झाला’. सेबुआनोत म्हणतात, ‘नाआयो ना’. चांगलं असणं आणि दुखणं जाणं, दोन्हींना मूळ एकच, अगदी आपल्या ‘बरा’सारखं. कुणाच्या दारात उभं राहून हाक द्यायची तीही ‘आयो!’ अशीच.

या शब्दाभोवती इतिहास कसा साचलाय, ते एका साध्या संवादात दिसतं. ‘कुमुस्ता?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘माआयो मान’. म्हणजे आपलं ‘कसं काय?’ ‘बरं आहे.’ यातला प्रश्न स्पॅनिश आहे, ‘कोमो एस्ता’वरून आलेला. उत्तर मात्र मातीतलं.

१५२१ मध्ये मॅगेलानची जहाजं सेबूला लागली, तेव्हा तिथे राजा हुमाबोन होता. ‘राजा’ ही पदवी भारतातून मलय प्रदेशामार्गे तिथवर पोचलेली. जहाजावरच्या पिगाफेत्ता नावाच्या इटालियन प्रवाशाने तिथले दीडशेच्या आसपास शब्द लिहून ठेवले. त्यातला पाचसाठीचा ‘लिमा’ आजही तसाच आहे. पुढे १५६५ मध्ये लेगास्पीने सेबूत स्पॅनिश वसाहत वसवली आणि १८९८ पर्यंत स्पेनचं राज्य टिकलं. त्या काळात स्पॅनिश शब्दांची रीघ लागली. ‘अधिक चांगलं’ म्हणायला ‘मास माआयो’, त्यातला ‘मास’ स्पॅनिश. साबणाला ते म्हणतात ‘साबोन’. आपला ‘साबण’ पोर्तुगीजांकडून आला, त्यांचा स्पॅनिशांकडून. म्हणजे दोघं चुलतभाऊच.

स्पॅनिशांनंतर अमेरिकन आले आणि शाळा इंग्रजी झाल्या. त्याच काळात, १९०१ मध्ये, विसेंते सोत्तो यांनी सेबूत ‘आंग सुगा’ म्हणजे ‘दिवा’ हे सेबुआनो वृत्तपत्र सुरू केलं. १९३७ मध्ये राष्ट्रभाषेचा पाया म्हणून निवड झाली ती तागालोगची. सेबुआनो बोलणारे संख्येने काही कमी नव्हते, ही सल अजून आहे. २०१२ पासून तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवण्याचं धोरण आलं. २०२४ च्या कायद्याने ती सक्ती उठली.

म्हणजे दरबार गेला, शाळाही हातात राहिली नाही. तरी ‘माआयो’ कुठेही हरवला नाही. कारण तो सकाळच्या नमस्कारात आहे, आजाऱ्याच्या उशाशी आहे, शेजाऱ्याच्या दारात आहे. परक्या देशात मुलांची मराठी कशी टिकवायची याची चिंता आपल्याला असते. तिचं एक उत्तर इथे सापडतं : पुस्तकं हवीतच, पण ‘बरं वाटतंय का?’ हा प्रश्न घरात रोज मराठीतच विचारला गेला पाहिजे.

आणि उद्या त्या सिस्टरला आधी विचारा, गाव कुठलं? सेबू म्हणाली, तर म्हणा, ‘माआयोंग बुन्ताग!’