सोमवारची पोटदुखी

हैदराबादच्या चिक्कडपल्लीत मुलांचं पोट सोमवारी दुखतं. शनिवारी क्वचित, रविवारी तर नाहीच. सोमवारी शाळेची व्हॅन यायच्या आधी बेंबीभोवती कळ सुरू होते आणि अकराच्या सुमारास आपोआप थांबते. आरटीसी क्रॉस रोड आणि नारायणगुडा यांच्या मधल्या एका गल्लीत माझा दवाखाना आहे. तिथे तेलुगू आई ‘कडुपु नोप्पी’ म्हणते, मुशीराबादकडची आई दख्खनीत ‘पेट में मरोड़’ सांगते, काचीगुड्याची मराठी आजी ‘पोटात कळ येते हो’ म्हणते. तिघींना जंताचं औषध हवं असतं.

मी वजन बघते, पोट चाचपते, लघवी तपासायला देते. रात्री दुखण्याने जाग येते का, शौचातून रक्त जातं का, वजन घटलंय का, हेही विचारते. सगळं ठीक असेल तर आईला पाच मिनिटं बाहेर बसवते आणि पोराशी बोलते. मग वर्गातला मार कळतो, बापाची दारू कळते, वाचताना अक्षरं जुळत नाहीत हे कळतं. हे बोलणं हा माझ्या धंद्याचाच भाग आहे. पण तो शिकवण्याजोगा आहे हे आपल्याकडे फार उशिरा मान्य झालं, आणि मान्य झाल्यावरही शिकवलं गेलं ते दुसरंच.

आमचं घराणं मूळचं जालन्याचं, त्यामुळे या इतिहासाची सुरुवात तिथून करते. निजामाच्या राज्यात मनोरुग्णांना आधी हैदराबादेत चंचलगुड्याच्या तुरुंगाच्या आवारात ठेवत, मग त्यांचं इस्पितळ जालन्याला हललं. १९५३ मध्ये ते हैदराबादला परत आलं, एर्रागड्ड्याला. तीन वर्षांनी राज्यांची फेररचना झाली आणि मराठवाडा मुंबई राज्यात गेला. महाराष्ट्राची चार मोठी मनोरुग्णालयं ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरीत. मराठवाड्यात एकही नाही. लहान मूल या चित्रात कुठेच नव्हतं. इस्पितळ बांधलं होतं ते आवरता न येणाऱ्या मोठ्या माणसांसाठी. घाबरून शाळेत न जाणारं मूल कुणाला आवरावं लागत नाही.

मुलांच्या मनाची दखल घेणारी पहिली जागा मुंबईत निघाली, तीही इस्पितळाच्या आश्रयाने नव्हे. क्लिफर्ड मॅनशार्ड्ट या अमेरिकन मिशनऱ्याच्या पुढाकाराने १९३६ मध्ये नागपाड्यात समाजकार्याचं शिक्षण देणारी टाटांची शाळा सुरू झाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. पुढच्याच वर्षी, १९३७ मध्ये, तिने बाल मार्गदर्शन केंद्र काढलं. पद्धत अमेरिकेतली होती: मानसरोगतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजसेवक यांनी मिळून एका मुलाचा विचार करायचा. त्यात घरचा डॉक्टर नव्हता. त्याने चिठ्ठी लिहून मूल पाठवायचं, एवढंच त्याचं काम.

त्याच काळात मोजमापाचं साहित्यही आपल्या भाषेत आलं. व्ही. व्ही. कामतांनी १९३४ मध्ये बिने यांची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. पुढे १९६९ मध्ये नागपूरच्या बाल मार्गदर्शन केंद्रातून आर्थर मालिन यांनी वेक्स्लरची चाचणी भारतीय मुलांसाठी तयार केली. दोन्हींची नावं अपंगत्वाच्या दाखल्यांवर आजही दिसतात. मुंबईतून आलेलं एखादं मराठी कुटुंब कामत चाचणीचा कागद माझ्यासमोर ठेवतं, आणि आकडा सत्तरच्या वर आहे की खाली एवढंच आईला विचारायचं असतं. मूल मोजायची सोय झाली ती मुख्यतः तज्ज्ञांच्या खोलीत. ज्याच्याकडे ते ताप-खोकल्यासाठी वर्षातून अनेकदा येतं, त्याच्या हाती काहीच पडलं नाही.

आम्ही शिकत होतो तेव्हा देशभरातच एमबीबीएसला मानसरोगाचा वेगळा पेपर नव्हता. मेडिसिनच्या पेपरात एखादा प्रश्न आला तर आला. आमची पोस्टिंग एर्रागड्ड्याला असे. शिकवणारे जीव तोडून शिकवत, पण वॉर्डातले सगळे रुग्ण मोठे. स्किझोफ्रेनिया ओळखायला मी तिथे शिकले. दवाखाना उघडल्यावर दारात आली ती अंथरूण ओलं करणारी नऊ वर्षांची मुलगी.

अशी मुलं साध्या डॉक्टरने कशी ओळखायची, याचं उत्तर शोधायचा प्रयत्न कुणी केलाच नाही, असं मात्र नाही. १९७५ च्या सुमारास चंडीगडच्या पीजीआय या वैद्यकीय संस्थेत एन. एन. विग आणि आर. श्रीनिवास मूर्ती यांनी हरियाणातल्या रायपूर राणी या भागात जागतिक आरोग्य संघटनेचा प्रकल्प हाती घेतला. साध्या आरोग्य केंद्रातून मानसिक आजारांवर उपचार होऊ शकतात का, हे पाहायचं होतं. त्याच प्रकल्पातून डच मानसरोगतज्ज्ञ रॉबर्ट गील आणि सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये मुलांबद्दलचा एक निबंध छापला. भारत, सुदान, फिलिपिन्स आणि कोलंबिया या चार देशांत प्राथमिक उपचारांसाठी आलेल्या मुलांची त्यांनी पाहणी केली होती. ठिकाणानुसार १२ ते २९ टक्के मुलांना मानसिक त्रास होता. बहुतेकांना आणलं होतं ते शरीराच्या तक्रारीसाठी, आणि केंद्रातल्या कर्मचाऱ्यांनी त्यांतली थोडीच ओळखली होती.

हा निबंध मी बऱ्याच वर्षांनी वाचला. माझी सोमवारची रांग त्यात आकड्यांनिशी लिहून ठेवलेली होती.

त्या पाहणीत आईला विचारायचे दहा प्रश्न होते. मुलाचं बोलणं वेगळं वाटतं का? झोप नीट लागत नाही का? फिट येते, किंवा उगाच पडतं का? वरचेवर डोकं दुखतं का? घरातून पळून जातं का? चोरी करतं का? कारण नसताना घाबरतं का? शिकण्यात मागे आहे का? इतर मुलांत खेळत नाही का? कपड्यांत लघवी किंवा शी होते का? उत्तर हो किंवा नाही. यंत्र नको, पदवी नको, रक्त काढायला नको. मी हे प्रश्न तिन्ही भाषांत पाठ केले आहेत. आईने एकदा हो म्हटलं की पुढचं बोलणं आपोआप सुरू होतं.

सरकारी प्रशिक्षणाच्या केंद्रस्थानी मात्र हे प्रश्न आले नाहीत. ऑगस्ट १९८२ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम मंजूर झाला. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रांचे डॉक्टर आणि कर्मचारी तयार केले. त्या नमुन्यावर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम चार राज्यांत सुरू झाला, आणि पहिल्या जिल्ह्यांत आमच्या शेजारचा मेदक होता. बळ्ळारीचं काम खरंच मोठं होतं. साखळीने बांधून ठेवलेली माणसं औषध घेऊन शेतावर परतली. पण डॉक्टरांना शिकवायची यादी आखीव होती: तीव्र मनोविकार, नैराश्य, फिट्स आणि मतिमंदत्व. मुलाला त्यात शिरायचं तर शेवटच्या दोन दारांतून. ज्याला फिट येत नाही, जे शाळेत पास होतं आणि तरी रात्री झोपत नाही, त्याचा रकाना नव्हता. कारण सरळ आहे. केंद्रात क्लोरप्रोमाझिन आणि फेनोबार्बिटोन पोचवता येतात, किती गोळ्या संपल्या तेही मोजता येतं. आईला बाहेर बसवून पोराशी बोललेली पाच मिनिटं कुठल्या साठ्याच्या वहीत लिहायची?

१९८४ मध्ये सिकंदराबादला राष्ट्रीय मतिमंद संस्था निघाली आणि विशेष शिक्षकांची मोठी फळी तयार होऊ लागली. आमच्यासारख्यांना त्याचा उपयोग झाला. उशिरा बोलणारं मूल कुठे पाठवायचं हे कळलं. बाकीच्यांसाठी पत्ता नव्हताच.

याच वर्षांत हे शहर बदललं. एमसेट ही प्रवेश परीक्षा आली, कॉर्पोरेट कॉलेजं आली, त्यांची वसतिगृहं आली. शेजारच्या अशोकनगरात सरकारी नोकरीच्या परीक्षांचे क्लास वाढले, आणि चिक्कडपल्लीच्या सिटी सेंट्रल लायब्ररीत सकाळपासून खुर्ची धरून बसणारी मुलं दिसू लागली. माझ्याकडे ती येतात ॲसिडिटी, डोकेदुखी आणि झोपेच्या गोळीसाठी. एप्रिल २०१९ मध्ये इंटरमीजिएटचा, म्हणजे अकरावी-बारावीचा, निकाल लागला, गुणांच्या नोंदींतला घोळ उघड झाला आणि वीसहून अधिक विद्यार्थ्यांनी जीव दिला. ‘जगणं नकोसं वाटतं का’ असं विचारलं की तो विचार मुलाच्या डोक्यात घुसतो, असं कित्येक डॉक्टर तेव्हाही मानत होते. ते खोटं आहे. विचारल्याने मूल बहुधा मोकळं होतं. हे एक वाक्यसुद्धा शिकवावं लागतं.

कार्यक्रमांची कमतरता नाही. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला. शाळा-अंगणवाड्यांत जाऊन मुलं तपासणाऱ्या फिरत्या पथकात दोन आयुष डॉक्टर असतात, आणि त्यांच्या यादीत स्वमग्नता, अतिचंचलता, अध्ययन अक्षमता हे सगळं आहे. पुढच्या वर्षी किशोरवयीनांसाठी वेगळा कार्यक्रम आला, त्यातही मानसिक आरोग्य आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात १३ ते १७ वयोगटात ७.३ टक्के मुलांना मानसिक विकार आढळला. महानगरांत तो आकडा १३.५. म्हणजे ओळखायचं काय, हे कागदावर आलं. ओळखल्यानंतर त्या डॉक्टरने काय करायचं, हा प्रश्न उरतोच.

माझ्या मते त्याचं उत्तर दोन ठिकाणी सापडतं. एक गोव्यात. १९९६ पासून काम करणाऱ्या ‘संगथ’ने दाखवलं की नीट शिकवलेला साधा समुपदेशक आरोग्य केंद्रात बसवला, तर बोलण्याचा बराच भार तो उचलतो. सगळं डॉक्टरच्या डोक्यावर टाकावं लागत नाही. दुसरं अमेरिकेत. मॅसॅच्युसेट्स राज्यात २००४ च्या सुमारास अशी व्यवस्था सुरू झाली की घरच्या डॉक्टरने फोन करायचा आणि त्याच दिवशी बालमानसरोगतज्ज्ञ त्याच्याशी बोलणार. न्यूयॉर्कमधली एक संस्था डॉक्टरांना तीन दिवस शिकवते आणि पुढे सहा महिने पंधरवड्याला एकदा फोनवर त्यांचेच रुग्ण चर्चेला घेते. खरं शिक्षण त्या फोनमध्ये आहे. वर्गात ऐकलेला रोग आणि टेबलासमोर बसलेलं पोर एकमेकांसारखे दिसत नाहीत. ते सारखे आहेत हे दुसऱ्या कुणीतरी बोट ठेवून दाखवावं लागतं, आणि तेही वारंवार.

आपल्याकडे ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस आहे, १४४१६. तो नंबर मी मुलांना देते, त्यांच्या आयांनाही देते. तसाच एक डॉक्टरांसाठी हवा, जिल्ह्याजिल्ह्यात, त्या जिल्ह्याच्या भाषेत.

२०१८ पासून हैदराबादेत बस्ती दवाखाने उघडले आहेत. एक एमबीबीएस डॉक्टर, एक नर्स, एक मदतनीस. तिथे रुजू होणारी पोरं कधी माझ्याकडे येऊन बसतात आणि पुस्तक कोणतं वाचू असं विचारतात. मी त्यांना आधी ते दहा प्रश्न देते, आणि मग ओळखीच्या बालमानसरोगतज्ज्ञाचा मोबाइल नंबर, त्या तज्ज्ञाची परवानगी घेऊन. ओपीच्या चिठ्ठीमागे प्रश्न छापायला खर्च शाईचा. नंबरला खर्च आहे: संध्याकाळी पाच वाजता फोन उचलणाऱ्या माणसाचा पगार. आजवरच्या कार्यक्रमांनी पैसे घातले ते पुस्तिकांत, शिबिरांत आणि गोळ्यांत. पुढच्या अंदाजपत्रकात या पगाराचा रकाना असला, तर डॉक्टरांना शिकवलं असं म्हणता येईल.