गाव हललं, पण मुकाट्याने नाही

खाणीसाठी गाव उठणार म्हटलं की आपल्याकडे चर्चा एकाच गोष्टीची, मोबदला किती? म्हणूनच अमेरिकेतल्या हिबिंगची गोष्ट सांगतो.

मिनेसोटा राज्याच्या उत्तरेला मेसाबी नावाचा लोहखनिजाचा लांबलचक पट्टा आहे. १८९३ मध्ये फ्रँक हिबिंग या जर्मनीत जन्मलेल्या माणसाने तिथे गाव वसवलं. पुढे कळलं की भरपूर खनिज गावाच्याच पोटात आहे!

१९१९ पासून ऑलिव्हर कंपनीने गाव हलवायला घेतलं. घरं पायापासून उचलली, ओंडक्यांवर ठेवली आणि वाफेच्या यंत्रांनी ओढत दोनेक मैल दक्षिणेला नेली. सुमारे दोनशे इमारती अशा सरकल्या. सेलर्स हॉटेल मात्र वाटेतच कोसळलं.

पण गाव मुकाट्याने गेलं नाही. नगराध्यक्ष व्हिक्टर पॉवर यांनी आधीपासूनच खाण कंपन्यांवर भरभक्कम कर लावला होता. कोर्टकचेऱ्या झाल्या, तरी ते हटले नाहीत. नव्या जागी जवळपास ४० लाख डॉलरची शाळा उभी राहिली. काचेची झुंबरं, १,८०० खुर्च्यांचं सभागृह! खाण कामगारांची पोरं तिथे शिकली. गायक बॉब डिलन याच शाळेचा विद्यार्थी.

आज जुन्या गावाचा बराच भाग खाणीने गिळलाय. खड्डा तीन मैलांहून लांब आहे. शाळा मात्र अजून भरते.

मोबदला एकदा मिळतो आणि खर्चून संपतो. कर दरवर्षी येतो. हे हिबिंगकरांना शंभर वर्षांपूर्वी कळलं होतं. आपल्या ग्रामसभेत हा विषय कोण काढणार?