यकृतपेशींतील शेजारधर्म

पाठ्यपुस्तकांत पेशीचें जें चित्र छापतात, त्यांत तिचीं अंगकें ताटांत वाढलेल्या पदार्थांप्रमाणें सुटीं सुटीं दिसतात. चटणी एकीकडे, कोशिंबीर दुसरीकडे. शिकविण्यास तें सोयीचें आहे खरें. परंतु वस्तुस्थिति निराळी आहे, हें दिसूनहि तें मनावर घेण्यास शास्त्रज्ञांस जवळजवळ तीन तपें लागलीं.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानें घेतलेलें अखंड पेशीचें पहिलें चित्र १९४५ मध्यें प्रसिद्ध झालें. पुढें १९५६ मध्यें बर्नहार्ड व रुइलेर यांनीं उंदराच्या यकृतपेशींतील एक नवल नमूद केलें. शक्ति पुरविणाऱ्या तंतुकणिका आणि प्रथिनें व मेद घडविणारी आंतर्द्रव्यजालिका हीं अंगकें पेशीच्या क्रियेच्या एका ठराविक अवस्थेंत परस्परांस लगटून असतात. 'ठराविक अवस्थेंत' हे शब्दच मोलाचे! काळवेळ पाहून होणारी जवळीक म्हटली कीं तिच्यामागें कांहीं नियमन आलेंच. पण हा इशारा बहुतेकांनीं ऐकला नाहीं. तंतुकणिका वेगळ्या काढतांना त्यांस जालिकेचे तुकडे चिकटून येत, ती भेसळ समजण्याचा परिपाठ होता. १९९० मध्यें कॅनडांतील जीन व्हान्स यांनीं ही 'भेसळ'च तपासली, तों तींत मेदद्रव्यें घडत असल्याचें आढळलें. २००९ मध्यें यीस्टच्या पेशींत या दोन अंगकांस बांधून ठेवणारा प्रथिनांचा दुवाहि हातीं आला. दोहोंमधील अंतर साधारणतः मिलिमीटरच्या एक ते तीन लाखांश भागांइतकें असतें.

या इतिहासांतील मला सर्वांत रसाळ वाटणारें प्रकरण मात्र आपल्याकडचें आहे. मुंबईस कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत रूप मलिक व त्यांचे सहकारी यांनीं, पुण्याच्या आयसर संस्थेंतील सिद्धेश कामत यांच्यासह, २०१७ मध्यें उंदरांच्या यकृतावरील संशोधन प्रसिद्ध केलें. विषय होता उपास. हा लेख मी पनवेलशेजारच्या करंजाडे येथें लिहीत आहें. तेथेंहि आषाढी एकादशीस घरोघरीं उपास असतो. साबुदाण्याच्या खिचडीचा उपास येथें जमेस धरूं नये. इन्सुलिन तिला फसत नाहीं.

निराहार उपासांत शरीराच्या साठ्यांतील चरबी यकृताकडे लोटते. ती सगळी पुन्हा रक्तांत सुटूं नये म्हणून यकृत तिचे मेदबिंदु करून ठेवतें. ते बाहेर पडण्याजोगे व्हावयाचे तर पेशीच्या कडेस असलेल्या जालिकेशीं त्यांची गांठ पडावी लागते, आणि तेथवर त्यांस ओढून नेण्याचें काम किनेसिन नांवाचें प्रथिन करतें. पोट भरलेलें असतां इन्सुलिनच्या प्रेरणेनें बिंदूंच्या पृष्ठावर फॉस्फॅटिडिक आम्ल तयार होतें, किनेसिन त्यास धरतें आणि बिंदु कडेस पोहोंचतात. उपासांत इन्सुलिन उतरतें, आम्ल घटतें, किनेसिन सुटतें; बिंदु आंतच थांबतात. यांतील इन्सुलिनचा धागा याच गटानें २०१९ मध्यें अधिक स्पष्ट केला.

यकृतांतील चरबी म्हटली कीं आपणांस रोगच आठवतो. उपाशी उंदराच्या यकृतांतील हे बिंदु मात्र रक्ताच्या रक्षणार्थ मुद्दाम अडवून धरलेले असतात.