पाठीचें दुखणें आणि मनाचा आधार



आमच्या वडूजकडे ज्वारीच्या काढणीचे दिवस आले कीं "पाठ धरली" हे शब्द घरोघर ऐकूं येतात. चार दिवसांत ती सुटली तर प्रश्न नाहीं. परंतु तीन महिने उलटूनहि जी वेदना हटत नाहीं, तिच्याविषयीं आपण दोनच उपदेश करतों : "पडून राहा", नाहीं तर "हे सारे मनाचे खेळ". हे दोन्ही उपदेश अपुरे कसे ठरले, तें आज सांगावयाचें आहे.

पूर्वीच्या काळीं पाठीच्या कण्याला जबर इजा झालेला सैनिक बहुधा अंथरुणावरच संपे. १९४४ सालीं इंग्लंडमधील स्टोक मँडेव्हिल येथें डॉ. लुडविग गटमन यांनीं निराळा मार्ग धरला. वेळच्या वेळीं रुग्णाची कूस बदलावयाची, आणि त्याच्या हाताला काम व मनाला ईर्ष्या द्यावयाची. २९ जुलै १९४८ रोजीं, लंडनच्या ऑलिंपिकच्या आरंभदिनींच, त्यांनीं चाकांच्या खुर्चींत बसणाऱ्या १६ जणांचा धनुर्विद्येचा सामना भरविला. पुढें त्यांतूनच पॅरालिंपिक सामने उदयास आले.

त्या सामन्यांत पहिलें भारतीय सुवर्णपदक मिळविलें तें आपल्याच भागांतील गृहस्थांनीं. सांगली जिल्ह्यांतील पेठचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यांतील मुष्टियोद्धे. १९६५ च्या युद्धांत एक गोळी त्यांच्या कण्यांत रुतली आणि पाय लुळे पडले. उपचार म्हणून ते पाण्यांत उतरले, आणि १९७२ सालीं हायडेलबर्ग येथें ५० मीटर पोहण्यांत पहिले आले.

कण्याची इजा आणि नित्याची पाठदुखी ह्या एक नव्हेत, हें खरें. तथापि १९६५ सालींच मेल्झॅक व वॉल या शास्त्रज्ञांनीं मांडलें कीं, वेदनेच्या वाटेवर मज्जारज्जूंत जणूं एक दार असतें, आणि मेंदूकडून येणारे संदेशहि तें उघडतात वा लोटतात. त्या कल्पनेंत पुढें दुरुस्त्या झाल्या. परंतु भीतीनें वेदना वाढते हें आतां मान्य झालें आहे. म्हणून वेदना खोटी ठरत नाहीं. जागतिक आरोग्य संघटनेनें २०२३ सालीं जुनाट कंबरदुखीसाठीं समजावणी, व्यायाम आणि मानसोपचार सुचविले; कमरपट्टा सरसकट बांधूं नये, असेंहि सांगितलें. मात्र पायांतील शक्ति गेली किंवा लघवीवरील ताबा सुटला, तर तात्काळ डॉक्टरांकडे जावें.

निवृत्तीनंतर माझी पाठ दुखूं लागली, तेव्हां घरच्यांनीं प्रेमापोटीं हातांतील भाजीची पिशवीहि काढून घेतली. दुखण्याहून तें रिकामपण अधिक बोचलें. पुढें आळींतील एका मुलाला गणित शिकविण्यासाठीं रोज त्याच्या घरापर्यंत चालत जाऊं लागलों. पाठ पूर्ण बरी झाली नाहीं. पण दिवस पुन्हां माझा झाला.

आपल्या घरीं असें कोणी असेल, तर त्याचें दुखणें खोटें म्हणूं नये. आणि त्याच्या हातांतील पिशवीहि घाईनें काढून घेऊं नये.