रुसाफाचा रफूगार आणि वालेन्सियाचा विद्यार्थी

भूमध्य समुद्राच्या काठावरचं वालेन्सिया हे स्पेनमधलं विद्यार्थ्यांचं लाडकं शहर. ऊन भरपूर, समुद्रकिनारा ट्रामच्या अंतरावर, रस्त्याच्या कडेला नारिंगांची झाडं (ती कडू असतात, खायची नाहीत). १९५७च्या महापुरानंतर तिथली नदी शहराबाहेरून वळवली आणि कोरड्या पात्रात लांबच लांब बाग केली. माझी भाची तिथे वर्षभर शिकायला होती. चौघींत मिळून एक घर, दुपारचं जेवण तीन वाजता, कानावर कधी स्पॅनिश तर कधी वालेन्सियन भाषा. रविवारी फोनवर ती मला नवे शब्द सांगायची. ‘मामू, इथे नारिंगाला नारांहा म्हणतात, आणि महापौराला अल्काल्दे!’ मी इकडे कोश उघडून बसायचो.

नारांहा म्हणजे आपलंच नारिंग. संस्कृतातून फारसीत, तिथून अरबीत आणि अरबीतून स्पेनला गेलेलं. अल्काल्दे म्हणजे अल् काझी, आपल्या गावातला काजी. कस्टम्सच्या कचेरीला आद्वाना म्हणतात, त्यात आपला दिवाण लपला आहे. शेताला पाणी नेणाऱ्या पाटाला तिथे आसेकिया म्हणतात. तो अरबी धातू आणि आपल्या गझलेतला साकी ही एकाच घरातली मंडळी. एक पाणी पाजतो, दुसरा काय पाजतो ते तुम्हाला ठाऊकच आहे.

आठव्या शतकापासून १२३८ सालापर्यंत, मधली काही वर्षं सोडली, तर तिथे मुस्लिम राज्यकर्ते होते. शहराचं अरबी नाव बलन्सिया. भाची राहत होती त्या वस्तीचं नाव रुसाफा. आज तिथे कॉफीची दुकानं आणि तरुणांची गर्दी; मुळात ते एका बागेचं नाव. त्या रुसाफात बाराव्या शतकात एक कवी जन्मला. त्याला ‘अर् रुसाफी’ म्हणूनच ओळखतात. लहान वयातच तो मालागाला गेला आणि ११७७ साली तिथेच वारला. पोटासाठी तो कपडे रफू करायचा. दरबाराचे उंबरे झिजवण्यापेक्षा त्याला सुईदोरा बरा वाटला. मालागासुद्धा समुद्रकाठचं, उन्हाचंच शहर. तरी त्याच्या कवितेत ओढ आहे ती बलन्सियाची. मला हा माणूस फार जवळचा वाटतो. कवितेवर घर चालत नाही हे आठशे वर्षांपूर्वीही खरं होतं तर!

पण आज सांगायचं आहे ते एका विद्यार्थ्याविषयी.

वालेन्सियाच्या विद्यापीठाची घडी १४९९मध्ये बसली. हुआन लुईस विव्हेस तिथल्या अगदी पहिल्या विद्यार्थ्यांपैकी. घराणं ज्यूंचं, बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेलं. अशा घरांवर इन्क्विझिशनची, म्हणजे धर्मन्यायालयाची, नजर असे. घरात चूल केव्हा पेटते, शनिवारी स्वच्छ कपडे कोण घालतं, एवढ्यावरूनही संशय घेतला जाई. १५०९ साली, सोळा-सतरा वर्षांचा असताना, विव्हेस शिकण्यासाठी पॅरिसला गेला. तो परत आलाच नाही.

पुढे तो ब्रूजला राहिला, ऑक्सफर्डमध्ये शिकवलं, इरॅस्मसचा मित्र झाला. १५२२मध्ये स्पेनमधल्या अल्काला विद्यापीठाने त्याला प्राध्यापकपद देऊ केलं. तो गेला नाही. १५२४मध्ये वालेन्सियात त्याच्या वडिलांना जिवंत जाळलं. आई १५०८ सालीच प्लेगने गेली होती. सुमारे वीस वर्षांनी तिची हाडं उकरून काढली आणि तीही जाळली. मधल्या काळात, १५२६मध्ये, विव्हेसने लिहिलेलं पुस्तक कशावर असावं? शहराने आपल्या गरिबांची काळजी कशी घ्यावी यावर! हे वाचलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून थोडा वेळ नुसताच बसलो.

युरोपात विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी एक योजना १९८७पासून आहे. तिला इरॅस्मसचं नाव दिलं आहे आणि त्या योजनेतून वालेन्सियाला दरवर्षी मुलांचे थवे येतात. ज्याला शहर सोडावं लागलं तो त्याच इरॅस्मसचा मित्र, हे त्यांतल्या कितीजणांना माहीत असतं कोण जाणे. विव्हेसचा ब्राँझचा पुतळा विद्यापीठाच्या जुन्या इमारतीच्या चौकात १८८० साली उभा राहिला. मुलं तिथे गप्पा मारतात, फोटो काढतात. त्यात काही गैर नाही. मात्र पुतळ्याला फार उशीर झाला. मधल्या काळात, १६०९ साली, मुसलमानांच्या ख्रिस्ती झालेल्या वंशजांनाही याच किनाऱ्यावरून जहाजांत घालून आफ्रिकेला पाठवलं होतं. एकट्या वालेन्सिया प्रांतातून लाखाहून अधिक माणसं.

विव्हेस १५४०मध्ये ब्रूजला वारला. त्याच्या थोडंच आधी त्याने मुलांना लॅटिन शिकवण्यासाठी साध्या संवादांचं पुस्तक लिहिलं. त्यातल्या एका संवादात तीन मित्र वालेन्सियाच्या रस्त्यांतून फिरतात. एकजण पॅरिसहून आलेला आहे. चेंडूच्या खेळाचे नियम तिकडे कसे, इकडे कसे, अशा गप्पा चालल्या आहेत. कुठल्या गल्लीने जायचं यावर बोलणं निघतं. तेव्हा तो म्हणतो, कोंबड्याच्या खाणावळीच्या गल्लीने जाऊ, माझा मित्र विव्हेस जन्मला ते घर मला पाहायचं आहे, त्याच्या बहिणींनाही भेटता येईल. दुसरा म्हणतो, बायकांच्या भेटीगाठी आता राहू दे.

आणि तिघे पुढच्या रस्त्याला लागतात.